धुऊन ठेवलेल्या नळ्या

बाबा,

मागच्या आठवड्यात कॉलेजात माझ्या टेबलासमोर एक बाप येऊन बसला आणि मला तुमचा इतका राग आला की घरी येईपर्यंत तो उतरला नाही. जेवतानाही उतरला नाही. म्हणून आज रविवारी दुपारी लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा तुम्ही वाचण्याचा प्रश्न नाही. जिवंत होतात तेव्हाही माझं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलं नाहीत, एमएस्सीचा प्रबंधसुद्धा नाही, त्यामुळे तसा काही फरक पडत नाही.

तो माणूस भला होता. एसटीत कंडक्टर आहे म्हणाला, ड्यूटी बदलून आला होता, गणवेशावरच. त्याची मुलगी आमच्याकडे मायक्रोबायॉलॉजीच्या एमएस्सीला पहिल्या वर्षाला आहे. ती मागे दाराशी उभी होती. तो म्हणाला, "मॅडम, पोरगी पुढच्या सालच्या नीटची तयारी करून राहिली. तिले प्रॅक्टिकलले थोडी सूट द्या ना. एमएस्सी तं काय, नावापुरती आहे." नावापुरती हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी सांगितलं की प्रॅक्टिकलला हजर राहावंच लागेल, सूटबीट काही मिळणार नाही. आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. त्या माणसाला मात्र काही लागलं नाही. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, मंग तुम्हीच काहून नाही केलं एमबीबीएस?" मी म्हटलं, "नंबर नाही लागला." तो म्हणाला, "मंग तुमाले तं समजाले पायजे." मला काय काय समजतं हे त्याला कुठून माहीत असणार.

आपण खापरखेड्याच्या कॉलनीत राहत होतो तिथपासून सांगते. तुम्ही वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला शिफ्टमध्ये बसवता येत होती. बारावीनंतर मेडिकलला माझा नंबर लागला नाही त्या दिवशी आई रडली. तुम्ही रडला नाहीत, रागावलाही नाहीत. बूट काढता काढता म्हणालात, "युनिट ट्रिप झालं. ट्रिप झालं तं काय कोणी रडत बसते? कारण शोधायचं अन् परत लाइट-अप करायचं." बंद पडलेला बॉयलर पुन्हा पेटवण्याला तुम्ही लोक लाइट-अप म्हणत होता. मला ते बोलणं त्या दिवशी फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. इतर मैत्रिणींचे बाप घरात भांडी आपटत होते आणि माझा बाप असा. नंतर हळूहळू लक्षात आलं की तुमच्या लेखी मी खरोखरच एक युनिट होते. युनिटला कोणी विचारत नाही की बाई, तुला पुन्हा पेटायचं आहे का.

पहिलं वर्ष घरी बसून गेलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही म्हणालात, घरी बसण्यापरीस बीएस्सीला नाव टाकून ठेवू. नाव टाकून ठेवू, हे शब्द तुमचेच. बस येईपर्यंत स्टँडच्या बाकावर रुमाल टाकून ठेवतात तशी माझी बीएस्सी. आणि मग माझा दिवस तुम्ही तीन शिफ्टमध्ये कापलात. पहाटेची फर्स्ट शिफ्ट फिजिक्सची, जनरल शिफ्ट कॉलेजची, सेकंड शिफ्ट क्लासची. संध्याकाळी क्लासवरून आले की चप्पल काढायच्या आधी तुमचा प्रश्न यायचा, "चार्ज दे." तुमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो ना, काय चालू आहे, काय बंद आहे, कुठे गळती आहे, तसं मी दारात उभी राहून सांगायचं. केमिस्ट्री ठीक. बायो ठीक. फिजिक्समध्ये रोटेशनल मोशन अडलंय. "अडलं म्हंजे? कालबी हेच अडलं होतं ना? मंग मेंटेनन्स कोण करन, मी?" तुम्ही दहावी पास, आयटीआय. रोटेशनल मोशन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात का शिरत नाही याचा जाब तुम्ही रोज घेत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्याच सुमाराला तुम्ही नागपुरात हुडकेश्वरला घर बांधलंत. माझे क्लास जवळ पडावेत म्हणून. तुमची नोकरी शहराच्या पार उत्तरेला, घर पार दक्षिणेला, आणि तुम्ही स्कूटरवर, उन्हातान्हात, नाइट शिफ्ट करूनसुद्धा, रोज ते अंतर कापत होता. हे मी नाकारत नाही. नाकारता येत नाही हीच तर पंचाईत आहे. तुमच्यावर धड रागवायला बसलं की ती स्कूटर मध्ये येते. आई तर अजूनही तेवढंच सांगते, "त्यायनं किती केलं तुयासाठी." केलं. पण कोणासाठी केलं, हे मी आजवर ठरवू शकलेली नाही. कारण त्या घराच्या नकाशात तुम्ही रस्त्याच्या बाजूला एक खोली काढलीत, तिला बाहेरून वेगळं दार, आत हात धुवायचं बेसिन, आणि बाहेरच्या ओट्यावर पेशंटला बसायला सिमेंटचा कट्टा. औषधं द्यायला भिंतीत एक खिडकीसुद्धा ठेवलीत, लहानशी, सरकत्या काचेची. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षात होते आणि सलग दुसऱ्यांदा माझा नंबर हुकला होता. आई एकदाच बोलली, "बजारात तुरी अन् भट भटनीले मारी, असं झालं हे." तुम्ही तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत.

आणि खुर्ची. माझ्या वाढदिवसाला तुम्ही फिरती खुर्ची आणलीत, काळ्या रेक्झिनची, उंच पाठीची, डॉक्टरची असते तशी. तिच्यावर दुकानातलं प्लास्टिक होतं. मी ते काढायला गेले तर तुम्ही हात धरलात. "राहू दे. प्रॅक्टिस सुरू होईन तवा काढू." मग मी त्या खुर्चीत, त्या प्लास्टिकवर बसून अभ्यास केला. नागपूरचा एप्रिल-मे, कूलर बाहेरच्या खोलीत, आणि मांड्यांना घामाने चिकटलेलं प्लास्टिक. उठताना चर्रर्र आवाज व्हायचा. तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसून पेपर वाचत असायचात आणि तो आवाज आला की आत न पाहताच विचारायचात, "काहून उठली वं?" घरात आलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही ती खोली दाखवत होता. गल्लीतल्या काकू गुडघ्याचे एक्स-रे घेऊन यायच्या, समोरचे काका साखरेचे रिपोर्ट आणायचे, आणि तुम्ही मला हाक मारायचात. मी एकोणीस-वीस वर्षांची, बीएस्सीतली पोरगी. मी म्हणायचे, बाबा, मला नाही समजत. तुम्ही त्यांच्यासमोर हसून म्हणायचात, "समजते, पण आत्ताच सांगत नाही ते. डिग्री हातात आल्याशिवाय बोलायचं नाही असा नियमच आहे डॉक्टर लोकायचा." असा कुठलाही नियम नाही, बाबा. तो तुम्ही कट्ट्यावर बसल्या बसल्या तयार केलात.

दरम्यान त्या परीक्षेचं नाव बदललं, पेपरची पद्धत बदलली, माझ्याबरोबरच्या मुली सोडून गेल्या. कोणी बीएड केलं, कोणाची लग्नं झाली. तुम्ही तेवढे बदलला नाहीत. बीएस्सी झाली, मग एमएस्सीला नाव टाकून ठेवलं. तुमच्या दृष्टीने तो आणखी एक रुमाल. आणि इथे तुमचा हिशेब चुकला, कारण एमएस्सीत मला मजा यायला लागली.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती, चार्ज देताना मजेचा कॉलम नव्हता. सकाळी पहिली बस पकडून विद्यापीठात जायचे. बसमध्ये मांडीवर फिजिक्सचं पुस्तक, बाहेर सक्करदरा तलाव गेला तरी मान वर नाही. पण विभागाच्या दारातून आत शिरले की जिवाणू वाढवायला लागणारं आगर उकळतानाचा तो वास यायचा, आणि डोक्यातलं सगळं रोटेशनल मोशन गपकन थांबायचं. आमच्या गाईड मॅडम कडक होत्या. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलायच्या, पण त्यांनी मला कधी विचारलं नाही की यानंतर काय. त्या विचारायच्या, "काल काय दिसलं?" मी काय पाहिलं यात रस असलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा माणूस.

प्रोजेक्टसाठी मी राख निवडली. तुमची राख. वीज केंद्रातून राख पाण्याबरोबर वाहून नेऊन ज्या बंधाऱ्यात साठवतात, त्याच्या काठची माती. तिच्यात कोणते जिवाणू तग धरतात ते शोधायचं होतं. मी तुम्हाला म्हटलं, बाबा, तुम्ही तिकडेच जाता, मला डबीभर आणून द्या. तुम्ही जेवत होता. घास तोंडात तसाच ठेवून हसलात. "राखेत काय जित्तं राहते? तीस वर्षं झाले मले तिथं. राखेत काही नसते." मग मीच गेले, बसने, मैत्रिणीला घेऊन, बाहेरच्या काठावरून माती आणली. आणि होतं, बाबा. होतं त्यात. पहिल्यांदा प्लेटवर वाढ दिसली तेव्हा मला वाटलं माझ्याच हाताची घाण लागली असेल. पुन्हा केलं. पुन्हा आलं. एक तर असा होता की मॅडमनी दोनदा चष्मा पुसून पाहिला. करडी राख जन्मभर तुमच्या कपड्यांतून, नखांतून, आईच्या बादलीच्या तळातून मी पाहत आले होते आणि ती जिवंत होती हे आपल्या घरात फक्त मला माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, हे काम वेळेत नीट संपवलंस तर पुण्याच्या एका संस्थेत त्यांच्या ओळखीच्या शास्त्रज्ञ बाई आहेत, त्या जुलैत संशोधनाला एक मुलगी घेणार आहेत, तुझं नाव मी कळवते. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "परीक्षा होऊ दे आधी."

आता त्या मे महिन्यावर येते. तुम्हाला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते आहे. विभागातला फ्रीज बंद पडला. मेमध्ये नागपुरात फ्रीज बंद पडला तर काय होतं ते कोणाला सांगायला नको. आगर दोन-तीन दिवसांत वाळून खपली होतं. तिथले माझे जादाचे नमुने तसेच गेले. ज्या नळ्या वाचल्या त्या मॅडमनी सगळ्यांना घरी न्यायला सांगितल्या. काचेच्या लहान नळ्या, आत तिरपं गोठवलेलं आगर, त्यावर वाढवलेले जिवाणू, तोंडाला कापसाचा बोळा. मी माझ्या नळ्या आईच्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डब्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि बसमध्ये पोटाशी धरून आणल्या. आपल्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, सगळ्यांत मागे ठेवल्या. तुम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की याला हात लावायचा नाही, वर्षभराचं काम आहे, परत मिळणार नाही. आई म्हणाली बरं. तुम्ही मान हलवलीत. मेडिकलची परीक्षा त्याच आठवड्यातल्या रविवारी होती.

गुरुवारी मी क्लासच्या शेवटच्या टेस्टला गेले. दुपारी परत आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याशेजारच्या भांड्यांच्या जाळीत माझ्या नळ्या पालथ्या ठेवलेल्या होत्या. लख्ख धुतलेल्या, आतून ब्रश फिरवलेला. पाण्याचे थेंब अजून निथळत होते. तुमचं काम नेहमीच नीट असायचं. कापसाचे बोळेसुद्धा तुम्ही टाकले नव्हते, खिडकीत वर्तमानपत्रावर उन्हात वाळत घातले होते, पुन्हा कामाला येतील म्हणून. आई मागे येऊन म्हणाली, "त्यायले वाटलं खराब झालं, वास येऊन राहिला होता." बिचारी. तिने तुम्हाला वाट काढून दिली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "वासबीस काही नव्हता. मीच धुतल्या. तुह्यं ध्यान तिकडंच होतं. परीक्षेले तीन दिवस आहेत अन् तू फ्रीज उघडून उघडून काय पाहून राहिली?" मी म्हटलं, बाबा, ते मेलं सगळं. तुम्ही म्हणालात, "मंग परत बनव, परीक्षा झाल्यावर. राखेची काय कमी आहे वं आपल्याकडं?"

बाबा, मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला. एखादा अडाणी माणूस असता तर मी म्हटलं असतं, त्याला कळलं नाही. पण तुम्ही तीस वर्षं बॉयलर सांभाळला. चालू असलेलं यंत्र कोणत्या खिटीने बंद होतं हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तुम्हाला बरोबर कळलं होतं की माझ्यात दोन संच चालू आहेत आणि कोणता बंद करायचा. तुम्ही तो बंद केलात, वाफ निवू दिलीत आणि साफ करून ठेवलात. मी याला अजूनही खून म्हणते. माझा नवरा म्हणतो, एवढा मोठा शब्द नको वापरू, जिवाणू होते ते. त्याला म्हटलं, तू गप्प बस.

रविवारी मी परीक्षेला बसले. तुम्ही स्कूटरवरून सोडलंत. फिजिक्सने व्हायचं तेच केलं. नंबर लागला नाही. पुन्हा माती आणली, पुन्हा सगळं केलं, प्रोजेक्ट एक सत्र लांबलं, जुलै निघून गेला आणि पुण्याला दुसरी मुलगी गेली. तो जिवाणू, ज्याच्यासाठी मॅडमनी चष्मा पुसला होता, तो मला परत कधीच मिळाला नाही. शोध शोध शोधला. निकालाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "परत लाइट-अप." मी म्हटलं, "मी बसणार नाही." तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत. मी पुन्हा म्हटलं. तेव्हापासून तुमचं माझ्याशी बोलणं आईमार्फत सुरू झालं. मी समोर बसलेली असताना, "तिले म्हणा जेवून घे." "तिले म्हणा पंखा बंद कर." आई बिचारी खरंच वळून मला सांगायची.

मग तुमचं आजारपण. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, जितके तास तितका पगार. न्यूमोनियाने तुम्हाला दवाखान्यात ठेवलं आणि तापाने सगळं उलटंपालटं झालं तसं तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलायला लागलात. पहिलं वाक्य माझ्याशी नव्हतं, तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरशी होतं. "ही माही पोरगी. हेबी डॉक्टरकीच करून राहिली." तो पोरगा माझ्याकडे वळून, माझीच भाषा आहे असं समजून, डॉक्टरांच्या भाषेत बोलायला लागला. मी मान हलवत राहिले. लोकांसमोर तुम्हाला खोटं पाडायचं नाही, एवढं एक शिकले होते तुमच्याकडून. दोन दिवसांनी तुमच्या रक्ताचा कल्चर रिपोर्ट आला. कोणता जिवाणू आहे, कोणत्या औषधाला दबतो, कोणत्या औषधाला जुमानत नाही. तो कागद मला वाचता येत होता, बाबा. त्या दवाखान्यातली ती एक गोष्ट माझी होती. मी तुमच्या उशाशी बसून तुम्हाला सांगायला लागले. हे बघा, तुमच्या रक्तातला जिवाणू असा प्लेटवर लावतात, औषधाच्या चकत्या ठेवतात, जिथे जिवाणू वाढत नाही तिथे गोल मोकळी जागा दिसते, तेच मी पोरांना शिकवते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, ऐकत आहेत. मग डोळे न उघडता म्हणालात, "हे तं नर्सलेबी समजते." हे तुमचं माझ्याशी शेवटचं धड वाक्य. बाकीच्यांच्या बापांनी शेवटी काय काय सांगितलेलं असतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही गेल्यावर खापरखेड्याच्या कॉलनीतून माणसं आली, तुमच्या शिफ्टमधली. तुम्हाला नेलं, सगळं झालं, आणि परत आल्यावर त्या सिमेंटच्या कट्ट्यावर ती बसली. मी पाणी घेऊन बाहेर येत होते. तुमच्याबरोबर बॉयलरवर असलेले काका शेजारच्याला हळू म्हणत होते, "घरात डॉक्टर असून नाही वाचवता आलं, भाऊ. काय म्हणावं." दुसरे म्हणाले, "पोरीनं ध्यान देलं नसन. आजकालचे डॉक्टर." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुम्ही त्यांना सांगून टाकलं होतं. मी परीक्षेला बसायचं सोडल्यावर तुम्ही तिकडे, राखेच्या त्या टोकाला, माझा नंबर लावून, मला पास करून, डिग्री देऊन मोकळे झाला होता. तुमच्या पोरीची प्रॅक्टिस जोरात चालू होती. ट्रे हातात घेऊन मी उभी होते आणि माझ्याच बापाला मरू दिलेली डॉक्टर म्हणून माणसं माझ्याकडे पाहत होती. पाणी दिलं. काकांनी ग्लास घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे, बेटा. तुह्या हातात काय होतं." बाबा, मी तुम्हाला बाकी सगळं एखाद्या दिवशी माफ करीन असं मला कधी कधी वाटतं. हे नाही करणार.

त्या खोलीचं काय झालं तेही सांगते, तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच सांगते. ती मी भाड्याने दिली, होमिओपॅथीच्या डॉक्टरांना. तुम्ही ज्यांच्या औषधाला साबुदाणा म्हणत होता त्यांना. भाडेकरू दोघं-तिघं आले होते, मी मुद्दाम यांना निवडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीवरचं प्लास्टिक टराटरा फाडून कचऱ्यात टाकलं. मी दारात उभी राहून पाहिलं. बरं वाटलं.

आता त्या कंडक्टरच्या मुलीचं राहिलं. बापाला मी घालवून दिलं आणि मला वाटलं, एका पोरीला वाचवलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. म्हणाली, "मॅडम, तुमी बाबावर काहून चिडल्या? त्यायचं काहीच नाही. ते तं म्हणतात एमएस्सी कर, नोकरी लागते. मलेच पाहिजे आहे. मी पाचवीत होती तवापासून मले डॉक्टर व्हायचं आहे. ते माह्यासाठी ड्यूटी बदलून आले होते." मी तिला बसायला सांगितलं. सूट देता येत नाही हे पुन्हा सांगितलं, पण प्रॅक्टिकलची बॅच सकाळची करून दिली म्हणजे दुपार मोकळी मिळेल. ती गेली. मलेच पाहिजे आहे. असं मी कधी म्हटलं होतं का, ते आठवायचा मी प्रयत्न केला. पाचवीत, सातवीत, केव्हातरी. तुमचंच पाहिजे इतकं मोठं होतं, कॉलनीभर ऐकू जाणारं, की माझं होतं का, असलं तर कधी गेलं, हे मला आता सांगता येत नाही. तुम्ही नळ्या धुतल्यात त्याचा हिशेब मी मांडू शकते. याचा कसा मांडू? त्या मुलीचा मला हेवा वाटला. परीक्षेत ती पास होईल की नाही कोण जाणे, पण नापास झाली तर ती तिचीच नापास होईल.

हे कागद मी आईला दाखवणार नाही. ती म्हणेल, मेलेल्या माणसाशी काहून भांडून राहिली. तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, तिथे पाल आहे. संध्याकाळी गॅसवर जाळून टाकीन, नाहीतर विसरून जाईन आणि रद्दीत जातील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकायला हरकत नाही, जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. दरवर्षी मेडिकलची ती परीक्षा झाली की मी नेटवरून पेपर उतरवून घेते, पुढच्या रविवारी दुपारी दार लावते, घड्याळ समोर ठेवते आणि सोडवते. पूर्ण. फिजिक्सपासून सुरुवात करते. नवऱ्याला वाटतं मी पोरांचे पेपर काढते आहे. का सोडवते ते मला विचारू नका. यंदाचाही सोडवला, तो कंडक्टर येऊन जायच्या आधीच. आज हे लिहायच्या आधी उत्तरं ताडून पाहिली. एवढ्या मार्कांत सरकारी कॉलेजात नंबर लागतो.

मार्क किती, ते तुम्हाला सांगणार नाही.